गुलाबाचा हिवाळा

ऑक्टोबर हा आपल्याकडे गुलाबाच्या छाटणीचा महिना. पाऊस ओसरला की आपण कात्री हाती घेतो, जून फांद्या काढतो, आळी खणून शेणखत घालतो आणि दीड-दोन महिन्यांनी, ऐन थंडीत, भरघोस फुलांची वाट पाहू लागतो. महाराष्ट्रात थंडी हा गुलाबाचा बहराचा काळ. शाळेच्या बागेतले गुलाबही डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे स्नेहसंमेलनाच्या सुमारास, सर्वांत चांगले दिसतात.

त्याच ऑक्टोबरात उत्तर अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मात्र अनेक बागांत वेगळेच काम चाललेले असते. तेथे गुलाबाच्या फांद्या दोरीने एकत्र बांधतात. झुडपाच्या एका बाजूला त्याच्या उंचीएवढा लांब चर खणतात. बुंध्याभोवतीची माती आणि मुळे हलक्या हाताने सैल करतात आणि अख्खे झुडूप त्या चरात आडवे लोळवतात. वर माती ओढतात, मातीवर पालापाचोळ्याचा जाड थर देतात. थोडक्यात, जिवंत गुलाब पुरून ठेवतात. एप्रिलमध्ये बर्फ वितळले की माती उकरून झुडूप पुन्हा उभे करायचे. ह्या पद्धतीला तेथे ‘मिनेसोटा टिप’ म्हणतात. हिवाळ्यात तेथील तापमान उणे २५ ते उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंत उतरू शकते आणि उघड्यावर राहिलेला नेहमीचा बागेतला गुलाब त्यात वाचत नाही.

दर वर्षी पुरायचे, दर वर्षी उकरायचे. असा उद्योग माणसाने का पत्करला? आणि ह्यातून सुटका करून घेण्याचा मार्ग कोणी, कसा शोधला? ही गोष्ट सुमारे दोनशे वर्षांची आहे. तिच्यात इतिहास आहे, वनस्पतिशास्त्र आहे आणि वर्गात फळ्यावर मांडावा असा थोडा हिशेबही आहे.

बारमाही फुलांची किंमत

पहिली गोष्ट लक्षात घेतली पाहिजे ती ही, की गुलाब मुळात नाजूक नाही. रानगुलाबाच्या बहुतेक जाती उत्तर गोलार्धाच्या थंड आणि समशीतोष्ण प्रदेशांतल्या आहेत. सायबेरियात, जपानच्या उत्तर किनाऱ्यावर, कॅनडाच्या प्रेअरीत गुलाब आपोआप वाढतात. युरोपातील जुने बागेतले गुलाबही हिवाळा सोसणारे होते. त्यांची एक मर्यादा होती. एक-दोन अपवाद सोडले, तर ते वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या आरंभी, फुलत. नंतर वर्षभर नुसते झुडूप.

अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधले बागेतले गुलाब युरोपात पोचले. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून, कलकत्त्यामार्गे, त्यांतले काही आले. म्हणूनच फ्रान्समध्ये ह्या चिनी गुलाबांना ‘बंगाल गुलाब’ असे नाव पडले. हे गुलाब पुन्हा पुन्हा फुलत. युरोपातील माळ्यांना हे नवल होते. त्यांनी ह्या गुलाबांचा आपल्या गुलाबांशी संकर करण्याचा सपाटा लावला. १८६७ मध्ये फ्रान्सच्या गियो ह्यांनी काढलेला ‘ला फ्रान्स’ हा ‘हायब्रिड टी’ वर्गातला पहिला गुलाब समजतात. आज फुलवाल्याकडे लांब दांड्याचे जे गुलाब मिळतात ते ह्याच घराण्यातले.

परंतु चीनचे ते गुलाब सौम्य हवामानातले होते. बारमाही फुलण्यासाठी झाडाने सतत वाढत राहावे लागते, आणि सतत वाढणारे झाड झोपायला विसरते. रानगुलाब दिवस लहान होऊ लागताच नवी फूट थांबवतो, फळे धरतो, पाने गाळतो. नवा गुलाब पहिले बर्फ पडेपर्यंत कोवळे कोंब काढत राहतो. लंडन-पॅरिसच्या हिवाळ्यात हे कसेबसे निभावले. पण हेच गुलाब घेऊन युरोपीय वसाहतवाले जेव्हा ओटावा, विनिपेग, मिनिआपोलिस येथे स्थिरावले, तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात बाग उजाड होऊ लागली. गुलाबाच्या हिवाळ्याचा प्रश्न अशा रीतीने मोठ्या प्रमाणात माणसानेच निर्माण केलेला आहे.

थंडीने झाड मरते म्हणजे काय होते?

‘पेशीतले पाणी गोठते, बर्फ झाल्यावर ते प्रसरण पावते आणि पेशी फुटते,’ असे उत्तर विद्यार्थी देतात. काही वेळा आपणही तसेच शिकवतो. हे अर्धेच खरे आहे.

हळूहळू उतरणाऱ्या थंडीत बर्फ बहुधा आधी पेशींच्या बाहेर, पेशींमधल्या मोकळ्या जागेत तयार होते. तेथे बर्फ झाले की पेशीतले पाणी पेशीपटलातून बाहेर ओढले जाते आणि त्या बर्फात भर पडत जाते. पेशी आक्रसते. म्हणजे कडाक्याच्या थंडीत झाड एका अर्थी तहानेने मरते. पाणी फार गेले की पेशीपटलाची घडी विस्कटते आणि बर्फ वितळल्यावरही पेशी पूर्ववत होत नाही. थंडी एकदम कोसळली तर बर्फ पेशीच्या आतच होते, आणि मग पेशी वाचण्याची आशा जवळजवळ नसते.

काटक झाडे ह्यासाठी शरद ऋतूपासून तयारी करतात. दिवस लहान होणे आणि तापमान उतरणे ह्या दोन खुणा त्यांना पुरतात. पेशींत साखरेसारखे विद्राव्य पदार्थ वाढतात आणि पाण्याचा काही भाग धरून ठेवतात. पेशीपटलातील स्निग्ध पदार्थ बदलतात, त्यामुळे पटल थंडीतही लवचिक राहते. ही तयारी होण्यास काही आठवडे लागतात. जो गुलाब ऑक्टोबरपर्यंत कळ्या काढण्यात गुंतलेला आहे, त्याची तयारी अपुरी राहते.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. कोथिंबिरीच्या किंवा पालकाच्या काही ताज्या काड्या रात्रभर फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा आणि सकाळी बाहेर काढा. गोठलेल्या असताना त्या ताठ दिसतील. बर्फ वितळले की गळून पडतील आणि पाणी सुटेल. पाण्याचे भांडे शेजारी ठेवून त्यात त्या उभ्या केल्या तरी त्या पुन्हा तरारणार नाहीत. पाणी आहे, पण ते धरून ठेवणारे पटल राहिलेले नाही. साध्या कोमेजलेल्या कोथिंबिरीशी ह्या काड्यांची तुलना केली म्हणजे फरक विद्यार्थ्यांच्या लगेच लक्षात येतो.

झाकण्याचे शास्त्र

एकोणिसाव्या शतकातील माळ्यांना हे पेशीविज्ञान ठाऊक नव्हते, पण अनुभवाने त्यांनी बरेच काही हेरले होते. त्यांनी गवताचे पेंढे बांधले, गोणपाट गुंडाळले, बुंध्याशी मातीचे ढिगारे केले. पुढे विसाव्या शतकात थर्मोकोलच्या टोप्याही बाजारात आल्या.

झाकण म्हणजे गुलाबाची गोधडी, असे आपल्याला वाटते. पण गोधडी उबदार होते ती आतल्या माणसाच्या अंगातल्या उष्णतेमुळे. झुडपाला तशी उष्णता नसते. झाकणाचे खरे काम झाडाला एकसारख्या थंडीत ठेवणे हे आहे. जमिनीतून वर येणारी थोडी ऊब टिकते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तापमानाचे हेलकावे थांबतात. फेब्रुवारीतल्या दोन उबदार दिवसांनी झाड फसून जागे होते आणि तिसऱ्या रात्रीच्या थंडीत मरते. शिवाय जमीन गोठलेली असल्याने मुळे पाणी घेऊ शकत नाहीत. अशा वेळी कोरडा वारा आणि ऊन उघड्या फांद्या वाळवून टाकतात. भुसभुशीत बर्फाचा जाड थर हे ह्या सर्वांवरचे उत्तम आच्छादन असते. त्यामुळे भरपूर बर्फ पडलेल्या थंड हिवाळ्यापेक्षा बर्फाविना आलेला कोरडा हिवाळा गुलाबाला जास्त घातक ठरतो.

म्हणून तेथील जाणते माळी काही नियम पाळतात. ऑगस्टनंतर नत्रयुक्त खत द्यायचे नाही. शेवटची फुले तोडायची नाहीत, त्यांची फळे होऊ द्यायची. फळे धरली की झाड वाढ आवरते घेते. ढिगारा घाईने करायचा नाही, चांगली थंडी पडून झाड निजले की मगच करायचा. ढिगाऱ्याची माती दुसरीकडून आणायची. झाडाजवळचीच ओढली तर मुळे उघडी पडतात. वसंतात झाकण एकदम काढायचे नाही. मग फांदी वरून थोडी थोडी कापत खाली यायचे. आतला गर तपकिरी असेल तर ती मेलेली. पांढरट-हिरवा गर दिसला की थांबायचे.

कलमी गुलाबाच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. आपल्याकडे जसा गावठी खुंटावर चांगल्या वाणाचा डोळा भरतात, तसेच तेथेही. थंडीत डोळ्याच्या वरचा भाग मेला आणि खालचा खुंट जगला, तर वसंतात झुडूप जोमाने फुटते, मालक आनंदतो, आणि पुढे फुले येतात ती खुंटाची! झाड सावरलेले असते, पण गुलाब गेलेला असतो. म्हणून थंड प्रदेशात डोळ्याचा सांधा जमिनीखाली खोल लावण्याची शिकवण आहे.

गव्हाच्या शेतातून

झाकण्याला पर्याय शोधण्याचे पहिले प्रयत्न गुलाबतज्ज्ञांपेक्षा शेतीसंशोधकांनी केले. कॅनडा सरकारने १८८६ मध्ये ओटावा येथे मध्यवर्ती प्रायोगिक शेत स्थापले. त्याचे पहिले संचालक विल्यम सॉन्डर्स. त्यांच्यापुढचा मुख्य प्रश्न गव्हाचा होता. प्रेअरीत हंगाम लहान, आणि पीक कापणीला येण्याआधीच हिमकडा त्याला गाठे. त्यांचे पुत्र चार्ल्स ह्यांनी निवडलेला ‘मार्क्विस’ गहू नेहमीच्या वाणापेक्षा सुमारे आठवडाभर आधी पिकत असे आणि ह्या आठवड्याने कॅनडाची शेती बदलली. ह्या गव्हाच्या आईबापांपैकी एक होता ‘हार्ड रेड कलकत्ता’, म्हणजे आपल्या देशातून गेलेला गहू. लवकर पिकण्याचा गुण त्याच्याकडून आला. ज्या कलकत्त्यामार्गे गुलाबाचा नाजूकपणा पश्चिमेकडे गेला, तिच्याच नावाच्या गव्हाने थंडीतून सुटण्याची वाट दाखवली.

थोरल्या सॉन्डर्सनी फावल्या वेळात गुलाबाचेही संकर केले. आशियाच्या ईशान्य किनाऱ्यावरचा काटक ‘रोझा रुगोसा’ आणि इराणकडचा पिवळा गुलाब ह्यांच्या संकरातून ‘अ‍ॅग्नेस’ हा फिकट पिवळा गुलाब निघाला. तो १९२२ मध्ये लोकांसमोर आला, तेव्हा सॉन्डर्सना जाऊन आठ वर्षे झाली होती. अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातील नील्स हॅन्सन १८९७ पासून काटक लसूणघास आणि इतर पिके शोधत रशिया व सायबेरियात हिंडले. त्यांनी मध्य आशियातला ‘रोझा लॅक्सा’ हा रानगुलाब आणला. कॅनडात मॅनिटोबाच्या फ्रँक स्किनर ह्यांनी त्यापासून ‘सुझान’ हा वाण केला. फ्रान्सहून येऊन आल्बर्टात जमीन कसणारे लेखक जॉर्ज बुन्ये ह्यांचा ‘तेरेझ बुन्ये’ १९५० मध्ये आला आणि आजही लावला जातो. ही माणसे एकमेकांना बिया, कलमकाड्या आणि पत्रे पाठवत.

गुणसूत्रांची अडचण

एवढे प्रयत्न होऊनही बारमाही फुलणारा आणि थंडी सोसणारा गुलाब हाती येईना. ह्याची कारणे आज आपण नीट सांगू शकतो.

पहिले कारण फुलण्याच्या सवयीचे. रानगुलाबात केएसएन नावाचे एक जनुक फुलण्याला लगाम घालते. चिनी गुलाबात हे जनुक मोडलेले आहे, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळले. लगाम तुटला म्हणून तो सतत फुलतो. परंतु हा गुण अप्रभावी आहे. रानगुलाबाशी संकर केला की पहिल्या पिढीत धडधाकट जनुक आपला लगाम पुन्हा घालते आणि सर्व रोपे वर्षातून एकदाच फुलतात. बारमाही फुलणे परत हवे असेल तर दुसरी पिढी काढावी लागते.

आता हिशेब पाहू. वाटाण्यासारख्या द्विगुणित झाडात दुसऱ्या पिढीत अप्रभावी गुण चारांत एका रोपात दिसतो, हे मेंडेलचे प्रमाण विद्यार्थ्यांना ठाऊक असते. पण हायब्रिड टी गुलाब चतुर्गुणित असतो. त्याच्यात प्रत्येक गुणसूत्राच्या चार प्रती असतात. संकरित रोपात दोन प्रती धडधाकट आणि दोन मोडक्या धरल्या, तर चार प्रतींतून दोन निवडण्याचे सहा प्रकार होतात आणि त्यांतल्या एकातच दोन्ही मोडक्या प्रती येतात. आईकडून आणि बापाकडून अशाच प्रती येण्याची शक्यता १/६ गुणिले १/६, म्हणजे ३६ रोपांत एक. काटकपणा तर एका जनुकावर नसून अनेकांवर अवलंबून आहे. दोन्ही गुण एकाच रोपात मिळायला किती रोपे तपासावी लागतील, ह्याचा अंदाज विद्यार्थ्यांनीच करावा.

दुसरे कारण गुणसूत्रांच्या संख्येचे. रुगोसाची गुणसूत्रे १४, हायब्रिड टीची २८. दोहोंचा संकर २१ चा. त्रिगुणित रोपात गुणसूत्रांच्या जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून ते बहुधा वांझ निघते. पहिली पिढी वांझ निघाली की दुसरी कोठून आणायची?

ही कोंडी फोडली ती थोड्या योगायोगाने. रुगोसा आणि आणखी एक आशियाई गुलाब ह्यांचा ‘मॅक्स ग्राफ’ नावाचा एक वांझ संकर होता. जर्मनीतील स्पारीशोप गावच्या विल्हेल्म कोर्डेस ह्यांनी त्याच्या बिया मिळवण्याचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. १९४० च्या सुमारास मोजक्या बिया मिळाल्या आणि दोन रोपे उगवली. एक कडक हिवाळ्यात मेले. दुसरे राहिले, आणि त्याची गुणसूत्रे २८ निघाली. निसर्गाने आपणच त्यांची संख्या दुप्पट केली होती. प्रत्येक गुणसूत्राला जोडीदार मिळाला आणि वांझपणा गेला. ह्या गुलाबाला ‘रोझा कोर्डेसी’ हे नाव मिळाले. रुगोसाचा काटकपणा आता २८ गुणसूत्रांच्या गुलाबांत उतरवता येणार होता.

ओटावाचे उघडे वाफे

कोर्डेसी गुलाबाचा पुरता उपयोग केला तो फेलिसितास स्वेइदा ह्यांनी. व्हिएन्नात शेतीशास्त्राची डॉक्टरेट घेतलेल्या ह्या बाई १९५३ मध्ये कॅनडात आल्या आणि ओटावाच्या त्याच प्रायोगिक शेतात काम करू लागल्या. १९६१ मध्ये त्यांच्याकडे काटक गुलाबांचे काम आले.

स्वेइदाबाईंची पद्धत साधी होती, पण बागवानाच्या स्वभावाच्या उलट होती. रोपे वाफ्यात लावायची आणि हिवाळ्यात झाकायची नाहीत. जी मरतील ती मरू द्यायची. विचार केला तर दुसरा उपाय नाही. झाकलेल्या वाफ्यात काटक आणि नाजूक रोप वसंतात सारखेच दिसते. झाकण दोघांमधला फरकच पुसून टाकते. शंभर वर्षे माळ्यांनी प्रेमाने गुलाब झाकले. त्यामुळे बागेतला तो तो गुलाब वाचला, पण गुलाबाची जात होती तेवढीच नाजूक राहिली. स्वेइदाबाईंनी निवडीचे काम ओटावाच्या हिवाळ्यावर सोपवले आणि स्वतः नोंदी ठेवल्या. निवडलेली रोपे देशातल्या इतर संशोधन केंद्रांकडे पाठवून तेथेही पारखली.

सुरुवातीच्या वाणांत रुगोसाचा भरणा होता. १९६८ मध्ये ‘मार्टिन फ्रोबिशर’ आला. पुढे कोर्डेसी आणि लॅक्सा एकत्र आणून त्यांनी ‘जॉन कॅबट’ (१९७८) आणि ‘विल्यम बॅफिन’ (१९८३) हे उंच वाढणारे वाण दिले. नोंदींनुसार ‘विल्यम बॅफिन’च्या वंशावळीत स्किनर ह्यांचा ‘सुझान’ही आहे. उणे ३० अंशांच्या पलीकडची थंडी सोसून, कोणतेही झाकण न घेता, तो पुरुषभर उंचीच्याही वर वाढतो आणि उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा फुलतो. ह्या गुलाबांना कॅनडाच्या शोधप्रवाशांची नावे दिली. त्यांतला हेन्री हडसन हा तर १६११ मध्ये बंडखोर खलाशांनी लहानशा होडीत सोडून दिल्यावर हिमाळ उपसागरात कायमचा नाहीसा झालेला दर्यावर्दी. ‘हेन्री हडसन’ गुलाब १९७६ पासून त्याच देशातले हिवाळे काढतो आहे.

ह्या वाणांची आणखी एक सोय म्हणजे ते फाट्यापासून, स्वतःच्या मुळांवर, सहज वाढतात. खुंट नाही, सांधा नाही. वरचा भाग मेला तरी जमिनीतून फुटते ते तेच झाड, तोच गुलाब.

पडून पुन्हा उठणे

कॅनडाच्या प्रेअरीतील मॉर्डन येथल्या संशोधन केंद्राने दुसरी वाट धरली. तेथील थंडी ओटावाहून कडक. हेन्री मार्शल ह्यांनी तेथे प्रेअरीचाच एक बुटका रानगुलाब, ‘रोझा आर्कान्साना’, वापरला. हा गुलाब थंडीशी झुंजत बसत नाही. कडाक्याच्या हिवाळ्यात त्याच्या फांद्या बर्फाच्या पातळीपर्यंत, वेळी जमिनीपर्यंत मरतात. वसंतात मुळापासून नवे कोंब येतात आणि त्याच उन्हाळ्यात त्या कोंबांवर फुले लागतात. बहुतेक रानगुलाब मागच्या वर्षीच्या फांदीवर फुलतात; ती मेली की त्या वर्षी फुले नाहीत. आर्कान्सानाला ही अडचण येत नाही.

ह्या घराण्यातून मॉर्डनने ‘पार्कलँड’ नावाने ओळखले जाणारे वाण दिले. ‘अ‍ॅडलेड हूडलेस’ १९७० च्या दशकात, ‘मॉर्डन सेंटेनियल’ १९८० मध्ये, ‘मॉर्डन ब्लश’ १९८८ मध्ये. ओटावाच्या गुलाबांनी आघात सोसून टिकण्याचा मार्ग घेतला, मॉर्डनच्या गुलाबांनी आघातानंतर लवकर सावरण्याचा. निसर्गात दोन्ही मार्ग चालतात, हे जीवशास्त्राच्या तासाला सांगण्यासारखे आहे.

शाळकरी मुलाचे पत्र

शेवटची गोष्ट शिक्षकांसाठी मुद्दाम राखून ठेवली आहे. अमेरिकेत ग्रिफिथ बक नावाचा एक मुलगा शाळेत स्पॅनिश शिकत होता. अभ्यासाचा भाग म्हणून स्पेनमधल्या कोणाशी तरी पत्रमैत्री करायची होती. त्याची पत्रमैत्रीण निघाली पेद्रो दोत ह्या नामांकित गुलाबतज्ज्ञांच्या नात्यातली मुलगी. पत्रांतून दोत ह्यांची ओळख झाली आणि मुलाला गुलाबाचा नाद लागला. हाच मुलगा पुढे आयोवा राज्याच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. त्यानेही आपले वाफे झाकले नाहीत, औषधे फवारली नाहीत. कोर्डेस ह्यांच्याशी आणि इतरांशी पत्रव्यवहार ठेवून, काटक रानगुलाब वापरून त्याने ८० हून अधिक वाण काढले. १९७७ चा ‘केअरफ्री ब्यूटी’ त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. २००० मध्ये अमेरिकेच्या बाजारात येऊन घरोघरी पोचलेल्या ‘नॉक आउट’ गुलाबाच्या वंशावळीत तो आहे. बक १९९१ मध्ये वारले. भाषेच्या तासाला दिलेला एक स्वाध्याय कोठवर जाईल, हे तो देणाऱ्याला त्या दिवशी कळत नसते.

मग आपले काय?

स्वेइदाबाई १९८६ मध्ये निवृत्त झाल्या आणि २०१६ मध्ये वारल्या. २०१० च्या सुमारास कॅनडाच्या सरकारी शेतीखात्याने गुलाबाचे काम थांबवले. सुदैवाने जमवलेली रोपे ऑन्टेरिओतील व्हाइनलँड ह्या संशोधन संस्थेकडे गेली आणि काम पुढे चालू राहिले. पण अशा कामाला किती वर्षे लागतात, हे ‘अ‍ॅग्नेस’वरून आपण पाहिले आहे. एक पिढी संकर करते, दुसरी त्याची फुले पाहते. मधे कोणी वाफे मोडले तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

आपल्याकडे गुलाब थंडीने मरत नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे. निफाडच्या द्राक्षबागायतदारांना हिवाळ्यातल्या काही रात्री शेकोट्या पेटवून जागवाव्या लागतात. गुलाबवाल्यांवर ती वेळ क्वचितच येते. आपल्या गुलाबाचा कठीण ऋतू म्हणजे एप्रिल-मेचा उन्हाळा आणि त्यामागून येणारा दमट पावसाळा. आपले बहुतेक वाण युरोप-अमेरिकेच्या हवामानासाठी केलेले आहेत, आणि ते जगवण्यासाठी आपण सावली करतो, पाणी देतो, औषधे फवारतो. हेही एक प्रकारचे झाकणेच आहे.

ह्याची जाणीव आपल्याकडच्या काही मंडळींना फार पूर्वी झाली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे एकेकाळचे संचालक डॉ. बी. पी. पाल सॉन्डर्सप्रमाणेच गव्हाचे शास्त्रज्ञ. तांबेरा रोगाला तोंड देणाऱ्या गव्हाबरोबर त्यांनी भारतीय हवामानात फुलणारे गुलाबही निर्माण केले. कोडाईकनालचे माजी सनदी अधिकारी एम. एस. वीरराघवन ह्यांनी ‘रोझा क्लिनोफायला’ ह्या आपल्याच उष्ण प्रदेशातल्या रानगुलाबापासून उष्ण हवेसाठी नवे गुलाब काढण्याचे काम हाती घेतले. स्वेइदाबाईंनी सायबेरियाकडे पाहिले, वीरराघवनांनी बंगालच्या पाणथळ जमिनीकडे.

ह्या मे महिन्यात शाळा बंद असताना बागेतली काही रोपे सुकतील. जूनमध्ये ती उपटून टाकण्याआधी विद्यार्थ्यांना वही घेऊन बागेत न्यावे, असे आम्ही सुचवतो. कोणते रोप मेले, कोणते अर्धे मेले, कोणते मुळापासून पुन्हा फुटले आणि फूट डोळ्याच्या वरची आहे की खुंटाची, हे प्रत्येकाने लिहून काढावे. ओटावाच्या उघड्या वाफ्यांवर वर्षानुवर्षे जे काम चालले, त्याची सुरुवातही अशाच नोंदींनी झाली होती.